साक्षीदाराचे अभय

स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती आरोपीवर करता येत नाही, असे भारतीय राज्यघटनेचे कलम २० (३) सांगते. अमेरिकेच्या घटनेतील पाचवी दुरुस्ती हे संरक्षण संसदीय समितीपुढील साक्षीदारालाही देते. मग महत्त्वाचा साक्षीदारच मौन धरून बसला, तर सत्य बाहेर यावे कसे?

१९७० च्या कायद्याने यावर तोड काढली. समितीच्या दोन-तृतीयांश सदस्यांनी संमती दिल्यास न्यायालय साक्षीदारास बोलण्याचा आदेश देते. त्याची जबानी, अथवा तिच्या आधारे हाती आलेला पुरावा, पुढे फौजदारी खटल्यात त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. गुन्हा मात्र माफ होत नाही. स्वतंत्र पुराव्यावर खटला चालू शकतो. खोट्या साक्षीला तर अभय नाहीच.

इराणला शस्त्रे विकून आलेला पैसा निकाराग्वातील बंडखोरांकडे वळविल्याच्या प्रकरणात ऑलिव्हर नॉर्थ यांनी १९८७ मध्ये असे अभय मिळाल्यावर साक्ष दिली. दूरचित्रवाणीवर ती देशभर पाहिली गेली. १९८९ मध्ये ते तीन आरोपांवर दोषी ठरले. परंतु १९९० मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल टिकू दिला नाही. खटल्यातील साक्षीदारांच्या सांगण्यावर त्या जबानीची छाया पडलेली नाही, हे सरकार पक्षाने सिद्ध करावे, असे न्यायालयाने बजावले. ते साधले नाही आणि १९९१ मध्ये खटला संपला.

देशाला हकीकत कळली, शिक्षा मात्र हातची गेली. समितीने हा हिशेब अभय देण्यापूर्वीच मांडायचा असतो; साक्ष झाल्यावर तो बदलता येत नाही.