गुरुवारची सुट्टी, रविवारची मंडळी

कार्तिक वद्य त्रयोदशी जवळ आली की चाकणहून आळंदीकडे येणाऱ्या रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्या दिंड्यांच्या मागे मुंगीच्या पावलांनी सरकू लागतात. आत सेकंड शिफ्टला निघालेली पोरे खिडकीला डोके टेकून पेंगत असतात, बाहेर टाळ-मृदंग चाललेला असतो. ज्यांच्या समाधिसोहळ्यासाठी ही गर्दी लोटते ते ज्ञानेश्वर १२९६ साली समाधिस्थ झाले, तेव्हा अवघे २१ वर्षांचे होते. त्यांच्यापाशी शुद्धिपत्र मागणारे मात्र वयाने बरेच थोर होते, असे परंपरा सांगते.

याच दिवसांत पिंपरी-चिंचवडच्या ख्रिस्ती घरांतही लगबग असते. कॅथलिकांचा ख्रिस्तराजाचा रविवार येतो; पोप फ्रान्सिस यांच्या निर्णयानुसार २०२१ पासून धर्मप्रांतांमध्ये तोच युवा दिन म्हणून पाळतात. पुढच्याच रविवारी आगमनकाळ सुरू होतो. आणि २९ नोव्हेंबर हा चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा स्थापना दिन. १९७० साली याच तारखेला नागपुरात सहा मंडळ्या एक झाल्या. तेव्हा नोव्हेंबरअखेर व्यासपीठावर तरुण दिसतात. कुणी शास्त्रपाठ वाचतो, एखादी मुलगी दहा मिनिटांचा संदेश देते, गिटार वाजते. शेवटी एक ज्येष्ठ उठून भरल्या गळ्याने सांगतात, की उद्याची मंडळी तुमचीच. मग चहा-समोसे होतात. सोमवारी कपाटाच्या चाव्या जिथल्या तिथे असतात.

ही मुले मंडळी चालवायला तयार आहेत का, हा प्रश्न अशा रविवारनंतर हमखास निघतो. आमच्या मते तो मुलांना विचारण्याआधी विचारणाऱ्यांनी स्वतःचे जुने फोटो काढून पाहावेत.

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली. साठच्या दशकात आकुर्डीला बजाज, पिंपरीला टेल्को उभी राहिली आणि १९७२च्या दुष्काळाने उरलेली ढकलाढकल केली. राहुरी, नेवासे, श्रीरामपूर, जालना या भागांतून जी माणसे पत्र्याची ट्रंक घेऊन इथे उतरली, त्यांत ख्रिस्ती कुटुंबे होती. ट्रंकेत दोन जोड कपडे, पवित्र शास्त्र आणि ‘उपासना संगीत’. चाळीतल्या एका खोलीत सतरंजी अंथरून प्रार्थना सुरू झाली. ती कुणी सुरू केली? फिटर, टर्नर, वॉर्डबॉय, शाळामास्तर. वय २२, २४, २६. त्यांना कुणी विचारले नव्हते की तुमची तयारी झाली का. विचारणारे गावी राहिले होते. आज याच पिढीतले काही जण मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीत सत्तरी ओलांडून बसले आहेत, आणि २६ वर्षांच्या मुलाला शामियान्याची जबाबदारी देताना त्यांचा हात थरथरतो.

मराठी ख्रिस्ती मंडळीचा सगळा इतिहासच खरे तर पंचविशीचा आहे. १८१३ साली मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या गॉर्डन हॉल यांचे वय २८ होते, बरोबरचे सॅम्युएल नॉट त्याहूनही लहान. बाबा पदमनजींनी १८५४ साली बेळगावला बाप्तिस्मा घेतला तेव्हा ते २३ वर्षांचे. त्यांची कादंबरी ‘यमुनापर्यटन’ १८५७ची, म्हणजे २६व्या वर्षीची. १९०५ साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जे आध्यात्मिक संजीवन आले त्यात पंडिता रमाबाईंच्या देखरेखीखाली गावोगाव प्रार्थनेला निघालेल्या टोळ्या तरुण मुलींच्या होत्या, आणि त्यांतल्या अनेकींना समाजाने दुष्काळात वा वैधव्यात टाकून दिलेले होते. त्यांचा बायोडेटा कुणी मागितला असता तर काय निघाले असते?

पण नुसत्या वयाच्या बेरजेवर आम्ही समाधानी नाही. कवी नारायण वामन टिळकांनी मिशनची पगारी चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला तो १९१७ साली, ५५व्या वर्षी. त्यांच्या आयुष्यातले सर्वांत तरुण पाऊल म्हातारपणाच्या उंबऱ्यावर पडले. त्यांचे भांडण कशाशी होते, ते इथे लक्षात घेण्यासारखे आहे. परदेशी मिशनांनी इथल्या मंडळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या एकच उत्तर दिले होते: तुम्ही अजून तयार नाही. हिशेब आम्ही पाहतो, नेमणुका आम्ही करतो, तुम्ही भजने म्हणा. १९१० साली एडिंबरोच्या जागतिक मिशन परिषदेत ३५ वर्षांच्या वेदनायगम अझरिया यांनी भर सभेत सांगितले, की तुमचा त्याग मोठा आहे, पण आम्हाला तुमची मैत्री हवी आहे. दोन वर्षांनी तेच पहिले भारतीय अँग्लिकन बिशप झाले. साहेबांचा ‘अजून तयार नाही’ हा शब्द आपल्या आजोबांना झोंबला होता. आज तो आपल्या तोंडी इतका सहज येतो की कुठून आला तेही आठवत नाही.

आता तक्रारीकडे येऊ. ज्येष्ठांची पहिली तक्रार असते, की मुले रविवारी येतच नाहीत. ही तक्रार आम्ही गंभीरपणे घेतली आणि चौकशी केली. भोसरी-पिंपरी पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसतेच, गुरुवारी असते. विजेचा भार आठवड्यात वाटून घेण्यासाठी पडलेली ही पद्धत. ज्याचे वडील टेल्कोत होते त्याला हे सांगायला नको. त्यात चाकणच्या पुरवठादार कंपन्यांत मुले कंत्राटावर, शिफ्ट दर आठवड्याला बदलते. रविवारी सकाळी नऊच्या उपासनेला थर्ड शिफ्टवाला येतो तेव्हा तो सहा-सातला सुटून, बस पकडून, तोंड धुऊन आलेला असतो. प्रवचनात त्याला डुलकी लागली तर मागच्या बाकावरच्या मावशी कोपर मारतात. कमिटीची सभा मात्र रविवारी उपासनेनंतरच. कारण ‘तेव्हाच सगळे असतात’. सगळे म्हणजे निवृत्त झालेले सगळे.

तोच मुलगा कंपनीत लाइन लीडर असतो. त्याच्या हाताखाली दहा-बारा जण. लाइन थांबली तर मिनिटाचा हिशेब त्याला द्यावा लागतो. २१व्या वर्षी तो महानगरपालिकेची निवडणूक लढवू शकतो, २५व्या वर्षी विधानसभेची. कॅथलिक धर्मशास्त्राच्या नियमानुसार २५ पूर्ण झाल्यावर धर्मगुरू आणि ३५ झाल्यावर महागुरुस्वामी होता येते. म्हणजे विधानसभेला आणि रोमला जे वय पुरते ते आमच्या साऊंड सिस्टिम खरेदी समितीला पुरत नाही.

दुसरी तक्रार मात्र खरी आहे, आणि तिथे आम्ही ज्येष्ठांच्या बाजूने उभे आहोत. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या आमच्या मुलांना मराठी पवित्र शास्त्र अडखळत वाचता येते. गाणी यूट्यूबवरून येतात, हिंदी आणि इंग्रजी. चाल सुंदर असते, ड्रम्स त्याहून सुंदर. पण नेहरूनगरच्या एखाद्या खोलीत राहुरीकडची आजी शेवटच्या घटका मोजत असते आणि तिला टिळकांचे भजन ऐकायचे असते, तेव्हा गिटारवाला मोबाइलवर शब्द शोधू लागतो. रेंज नसते. आजी त्याच्याकडे पाहत राहते. मंडळी चालवणे यातले निम्मे काम अशा खोल्यांमध्ये असते: आजाऱ्याच्या उशाशी, दफनभूमीत जागेसाठी रांगेत, नोकरी गेलेल्याच्या घरी काहीही न बोलता तासभर बसण्यात. त्याला टाळ्या नाहीत. भेटकार्याला या म्हटले की तरुण संघातल्या वीसपैकी दोघे येतात, हेही आम्हाला माहीत आहे.

आणि एक गोष्ट तरुणांना स्पष्ट सांगायला हवी. ज्यांना जुन्या मंडळीत जागा मिळाली नाही अशांनी हॉल भाड्याने घेऊन, की-बोर्ड आणून, आपापल्या संगती सुरू केल्या आहेत. काही चांगल्या आहेत. पण जिथे २७ वर्षांचा पाळक स्वतःच संस्थापक, स्वतःच खजिनदार आणि क्यूआर कोड त्याच्याच खात्याचा, तिथे तरुण नेतृत्वाचे कौतुक करायला आमची जीभ वळत नाही. जुन्या कमिटीला नावे ठेवा, पण तिला धर्मादाय आयुक्तांकडे लेखापरीक्षण द्यावे लागते, विश्वस्त बदलले तर बदल अर्ज करावा लागतो, वार्षिक सभेत कुणीतरी उठून विचारू शकतो. पौलाने तीमथ्याला तारुण्यावरून कुणी हिणवू नये असे बजावले, हे युवा रविवारी सगळे सांगतात. त्याच पत्रात मंडळीच्या पुढाऱ्याची कसोटीही लांबलचक दिली आहे आणि तीत पैशाचा लोभ नसावा, घर नीट चालवता यावे, माणूस नवशिका नसावा असे विषय आहेत. तो भाग युवा रविवारी वाचला जात नाही.

म्हणून आमचे म्हणणे उलटे आहे. आजवर आपण तरुणांच्या हाती माईक दिला आणि वही राखून ठेवली. माईक काढून घ्या असे नाही, पण आधी वही द्या. सभावृत्तान्त, वर्गणीचे रजिस्टर, बँकेची दुसरी सही, दफनभूमीची कागदपत्रे, जागेचा सातबारा. मुलाला प्रवचन करता येते का, हे दहा मिनिटांत कळते. वर्गणी थकलेल्या विधवेशी तो कसा बोलतो, हे कळायला वर्ष लागते, आणि ते वर्ष त्याला दिल्याशिवाय तयारी कशी ती कुणालाच समजणार नाही.

आमच्या माहितीतल्या एका मंडळीने यंदा कमिटीची सभा गुरुवारी संध्याकाळी सात वाजता ठेवून पाहिली. पहिल्या सभेला नऊ जण आले, त्यांत चौघे तिशीच्या आतले. किरकोळ खर्चाची वही चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला असलेल्या २४ वर्षांच्या मुलीकडे आली. वार्षिक सभेत जनरेटरच्या डिझेलवरून तिनेच प्रश्न विचारला होता आणि तो बऱ्याच जणांना लागला होता. जुने खजिनदार काका वही द्यायला आले ते बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन. तिला सगळे एक्सेलमध्ये चढवायचे होते. काका म्हणाले, चढव, पण वही पण लिही. मग दोघांनी पावत्या लावायला घेतल्या. डिझेलच्या पावत्या वहीतल्या रकमेपेक्षा जास्त निघाल्या, कमी नाही. एका वर्षी तीन हजार, एका वर्षी साडेचार. छताच्या पत्र्यांची एक पावती तर वहीत कुठेच नव्हती.

“काका, हे पैसे कुठून आले?”

काका चष्मा पुसू लागले. “तेव्हा माझा ओव्हरटाइम चांगला होता.”

“मग हे देणगीत दाखवू?”

“दाखवू नकोस. मंडळीला कशाला कळायला हवं?”

“ऑडिटरला कळायला हवं ना.”

यावर काका काही बोलले नाहीत. बाहेर सेकंड शिफ्टची बस हॉर्न देऊन गेली. तिने पेन्सिलीने पानाच्या कडेला तारखा मांडल्या, रकमेचा रकाना रिकामा ठेवला आणि पुढच्या गुरुवारी पत्र्यांची ती पावती घेऊन या, असे काकांना सांगितले.