मागच्या सीटवरून टेस्ट ड्राइव्ह

सणासुदीचे दिवस आले की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. ‘एसयूव्ही घ्यायचीय, कुठली घेऊ?’ बजेट सांगून होतं, मायलेज विचारून होतं, सनरूफ हवंच असं मुलीचं म्हणणंही कळतं. मी एवढंच विचारतो, मागे कोण कोण बसणार? हा प्रश्न बहुतेकांना अवांतर वाटतो.

टेस्ट ड्राइव्ह कशी होते ते आठवून बघा. घरातला कर्ता स्टिअरिंगवर, बायको शेजारी, आणि मागे शोरूमचा पोरगा. एसी फुल्ल, रस्ता सपाट, पंधरा मिनिटांत परत. म्हणजे ज्या सीटवर आईवडील आणि मुलं पुढची आठ-दहा वर्षं बसणार, तिची चाचणी घेतो सेल्समन! माझं म्हणणं सरळ आहे. एक फेरी तुम्ही मागे बसून मारा, आणि आजींना सोबत न्या.

शोरूममध्ये सरसकट एसयूव्ही म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्या म्हणजे मोटारीच्याच सांगाड्यावर उभ्या केलेल्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या उंच गाड्या. डोंगर चढायला त्या नाहीतच. त्यांचा खरा फायदा गुडघ्यांना. सेडानमध्ये खाली वाकून बसावं लागतं, मोठ्या जीपवजा गाडीत पाय उचलून चढावं लागतं. इथे सीट कमरेच्या उंचीला येते, टेकलं की बसलं. पण हे प्रत्येक गाडीत जमलेलं नसतं. दार किती उघडतं, उंबरठा किती रुंद आहे, साडी सावरत उतरताना हाताला धरायला काय येतं, हे नऊवारीतल्या आजी दोन मिनिटांत सांगतील. माहितीपत्रकात ते सापडणार नाही.

मग मुलं. हल्ली मागच्या खिडकीची कड वर वर चढत जाते. दिसायला रुबाबदार, पण आत बसलेल्या पोराला बाहेरचं काही दिसत नाही आणि आंबा घाटात त्याला गाडी लागते. मधल्या सीटला तीन बिंदूंचा पट्टा आहे का, डोकं टेकायला उशी आहे का, लहान मुलाच्या सीटसाठी आयसोफिक्सचे हुक आहेत का, हे हात घालून बघा. चारोटीजवळ सप्टेंबर 2022 मध्ये उद्योगपती सायरस मिस्त्रींच्या गाडीला अपघात झाला तेव्हा पुढचे दोघे जखमी होऊन वाचले, मागचे दोघे गेले. मागे कुणी पट्टा लावलेला नव्हता. गाडी महागडी होती, एअरबॅगाही होत्या. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना बसवलं तर कायद्याने हजार रुपये दंड आहे, तरी आपल्याकडे बाळ पुढे आईच्या मांडीवर असतं. ऑक्टोबर 2023 पासून भारत एनकॅपच्या धडक-चाचण्या सुरू झाल्यात. त्यात मोठ्यांचे आणि मुलांचे तारे वेगवेगळे देतात. जाहिरातीतले पाच तारे कुणाचे, ते विचारा.

आता कराची गंमत. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतली आणि पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत किंवा डिझेल 1500 सीसीपर्यंत असलेली गाडी 18 टक्के जीएसटीत बसते. त्यावरच्या गाड्यांना 40. म्हणून नेक्सॉन, व्हेन्यू, सोनेट या सगळ्या मोजून 3995 मिलिमीटरच्या. इतक्या लांबीत इंजिन, पाच माणसं आणि डिकी कोंबायची, तर आखडतं ते मागेच. त्यात सीएनजीचं सिलिंडर आडवं आलं की गणपतीला गावी जाताना बॅगा मांडीवर. दोन लहान सिलिंडर डिकीच्या तळाशी बसवलेली गाडी मिळते, ती बघावी. मात्र स्टेपनी कुठे गेली, हेही लगेच विचारावं.

इंधनाबद्दल फार बोलत नाही. रोज शाळा-ऑफिस एवढंच फिरणं असेल तर नवं डिझेल घेऊ नका. त्याच्या धुरातली काजळी अडवणारी जाळी साफ व्हायला सलग महामार्गाचा वेग लागतो, आणि तो सिग्नलांच्या शहरात मिळत नाही. शिवाय महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला 12 टक्के रोड टॅक्स, डिझेलला 14. बारा लाखांच्या गाडीत चोवीस हजारांचा फरक तिथेच पडला. आणि छोटं टर्बो इंजिन रिकाम्या गाडीत पळतंच. पाच जणांना बसवून, एसी लावून दिवे घाट चढवून दाखवायला सांगा. नाही म्हणाले तर दुसऱ्या शोरूममध्ये जा, शोरूम काय कमी आहेत?

विमा शोरूमकडूनच घ्या असा आग्रह होईल. सक्ती नाही. बाहेरून कोटेशन आणून समोर ठेवलं की आकडा खाली येतो.

राहिलं पार्किंग. नव्या सोसायट्यांत गाड्या एकावर एक चढवणारी मशिनं आलीत. त्यांच्या फळीला उंचीची, रुंदीची आणि वजनाची मर्यादा असते, आणि बुकिंगच्या पावतीवर सही करताना ती कुणालाच आठवत नाही. सेक्रेटरींकडून ते आकडे आधी मागून घ्या. ‘आरसे मिटले की बसते’ हे उत्तर धरू नका. गाडी बसली तरी चालवणाऱ्याला दार उघडून बाहेर यायचं असतं.