देणी मात्र तिच्या नावावर

टीना टर्नर आवडते असं सांगणारे पुष्कळ भेटतात. तिचं मंचावरचं थैमान, पिंजारलेले केस, घसा खरवडून बाहेर येणारा तो आवाज यांवर भरभरून बोलतात. मग सूर खाली आणून म्हणतात, 'काय सोसलं हो बाईनं!' या दुसऱ्या वाक्याची मला चीड येते. सोसणाऱ्या बाईचं कौतुक करायला समाजाला दमडीचा खर्च येत नाही. खर्च येतो तो सोसणं थांबवणाऱ्या बाईच्या पाठीशी उभं राहायला.

जुलै १९७६. डॅलसच्या एका हॉटेलात नवरा, म्हणजे आइक टर्नर, झोपल्यावर मार खाल्लेल्या तोंडानं ती बाहेर पडली आणि वाहता महामार्ग धावत ओलांडून दुसऱ्या हॉटेलात शिरली. जवळ होते ३६ सेंट आणि पेट्रोलचं एक कार्ड. सोळा वर्षं गाजत असलेली गायिका होती ही, 'प्राउड मेरी'साठी ग्रॅमी मिळवलेली! कमाई तिच्या गळ्याची, पैसा आइकच्या हाती. नावसुद्धा त्याच्याच मालकीचं. टेनेसीतल्या नटबुश गावच्या अ‍ॅना मे बुलकची त्यानं टीना केली आणि ते नाव स्वतःच्या हक्कात नोंदवून ठेवलं. ही सोडून गेलीच, तर त्याच नावानं दुसरी उभी करता यावी!

त्या रात्री हॉटेलच्या व्यवस्थापकानं तिला खोली दिली. आपल्याकडे काय झालं असतं? आधी नवऱ्याला फोन गेला असता.

पडद्यावर हा प्रसंग आला की टाळ्या पडतात. पुढचा हिशेब कुणी मागत नाही. दौरा अर्ध्यावर तुटला, ठरलेले कार्यक्रम बुडाले आणि त्यांची देणी तिच्या अंगावर आली. मारणारा गुन्हेगार ठरला नाही, मार चुकवणारी मात्र देणेकरी ठरली. १९७८ मध्ये घटस्फोट झाला तेव्हा तिनं गाण्यांच्या बऱ्याचशा मिळकतीवर पाणी सोडलं. राखलेल्यात दोन मोटारी होत्या आणि ते नाव.

मला ती आदर्श वाटते ती त्यानंतरच्या वर्षांसाठी. अंगावर मुलं, घरात सरकारी अन्नकूपनं, आणि मिळेल तिथं गाणं: हॉटेलांच्या सभागृहांत, लास व्हेगासच्या कॅबरेत. टीव्हीवरच्या खेळांतही जाऊन बसली. एवढ्या मोठ्या गायिकेनं जेवणाऱ्यांच्या टेबलांपुढं गायचं का, असा मानापमानाचा प्रयोग तिनं लावला नाही. काम होतं, केलं. 'प्रायव्हेट डान्सर' आला १९८४ मध्ये, तिच्या ४४ व्या वर्षी. (त्या वयाची बाई आपल्याकडे जरा मोठ्यानं हसली तरी 'आता शोभतं का?' असं ऐकून घेते.) १९८८ च्या जानेवारीत रिओच्या माराकाना मैदानावर तिला ऐकायला जवळजवळ १ लाख ८० हजार माणसं जमली.

आइकबरोबर असताना काळेनिळे डोळे रंगाखाली झाकून ती वर्षानुवर्षं मंचावर उभी राहिली. वादकांना, व्यवस्थापकांना, कंपनीवाल्यांना ते दिसत नव्हतं? दिसत होतं. कार्यक्रम चालला होता, म्हणून चाललं होतं. आपले संसारही असेच चालतात. भिंतीपलीकडून आवाज येतो, आपण टीव्हीचा आवाज वाढवतो. लेक माहेरी आली की दोन दिवस लाड करून तिसऱ्या दिवशी तिला गाडीत बसवून देतो, वर 'चार लोक काय म्हणतील' हा प्रसाद. ते चार लोक म्हणजे आपणच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ४५ टक्के स्त्रियांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी काही ना काही कारणासाठी नवऱ्यानं बायकोला मारणं योग्य ठरवलं. स्वयंपाक बिघडणं हेही त्या कारणांत आहे! कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यानं अशा बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला. तो हक्क लग्न जमवणाऱ्या किती वडीलधाऱ्यांनी आपल्या मुलींना सांगितला? आठ मार्चला मात्र शाल-श्रीफळाची व्यवस्था चोख असते.

१९८१ मध्ये टीनानं एका साप्ताहिकाला सगळं सांगितलं, आइकबद्दलचे प्रश्न एकदाचे संपावेत म्हणून. संपले नाहीत. १९८६ मध्ये आत्मचरित्र आलं, १९९३ मध्ये चित्रपट आला. तो चित्रपट आपण पाहिला नाही, ती मारहाण पुन्हा बघायची इच्छा नाही, असं तिनं व्हेनिसला पत्रकारांसमोर सांगितलं. 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'नं १९९१ मध्ये तिचा सन्मान केला तो आइकच्या जोडीनं, आणि जोडीदार तेव्हा तुरुंगात होता. तिच्या एकटीच्या नावाला तिथं जागा मिळाली २०२१ मध्ये. ती ८१ वर्षांची झाली होती. त्याच वर्षी आलेल्या माहितीपटातही तिला पुन्हा आइकबद्दलच बोलावं लागलं.