बोलण्याची पारख

भिवंडी शहरातील कामतघर भागात यंत्रमागांवर काम करणाऱ्या लोकांची मोठी वस्ती आहे. पोटापाण्यासाठी दूरदूरच्या प्रांतांतून आलेली कुटुंबे येथे स्थायिक झाली. त्यामुळे कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या घरी तेलुगू, तर कोणाच्या घरी हिंदी वा उर्दू बोलली जाते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविली जाते. येथील कित्येक मुलांची ती तिसरी किंवा चौथी भाषा होय.

अशा मुलांच्या इंग्रजी बोलण्याची परीक्षा कशी घ्यावी? पाठ केलेला उतारा घडाघडा म्हणून दाखविणे म्हणजे बोलता येणे नव्हे. ती पाठांतराची परीक्षा झाली. बोलण्यात मातृभाषेचा हेल आला, म्हणून गुण कमी करणेही न्याय्य नव्हे. मात्र ‘शिप’ म्हणजे जहाज आणि ‘शीप’ म्हणजे मेंढी. येथे ऱ्हस्वदीर्घ चुकले, तर अर्थच पालटतो. अशी चूक दाखवून दिलीच पाहिजे. युरोप परिषदेने २०१८ साली भाषामापनाच्या कसोट्या सुधारल्या. तेव्हा उच्चार मूळ भाषकांसारखा असण्यापेक्षा तो ऐकणाऱ्यास समजणे महत्त्वाचे मानले.

म्हणून परीक्षकाने एखादा साधा प्रश्न विचारावा. ‘वऱ्हाळादेवी तलावाकडे कसे जावे?’ या प्रश्नाचे उत्तर ऐकून अनोळखी माणूस तलावापर्यंत पोहोचेल काय, हे पाहावे. सोबत्यांनीही कोणाच्या उच्चारास हसू नये. हसण्याच्या भीतीने जो बोलतच नाही, त्याला ती भाषा कधी येणार?