परकी नाणे आणि घरची ठेव

रुपयाचा भाव उतरू लागला की आमच्या मध्यमवर्गात एक प्रश्न हटकून डोके वर काढतो. जन्मभर पोटाला चिमटा घेऊन साठविलेली पुंजी रुपयात झिजू द्यावी, की वेळीच डॉलर घेऊन निश्चिंत व्हावे? २०२५ च्या डिसेंबरात डॉलरचा भाव ९० रुपयांच्या पलीकडे गेला आणि या प्रश्नाला नव्याने धार चढली. तो केवळ सटोडियांचा प्रश्न आहे असे आम्हांला वाटत नाही. असंख्य घरांच्या म्हातारपणाची तरतूद त्यात गुंतलेली आहे, आणि म्हणूनच त्याचे उत्तर आडपडदा न ठेवता दिले पाहिजे. ज्याचा पुढील खर्च रुपयात व्हावयाचा आहे, त्याने हुंडणावळीच्या भीतीने आपली ठेव परकी नाण्यात नेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

भीती निराधार आहे असे मात्र कोणी म्हणू नये. ६ जून १९६६ रोजी सरकारने डॉलरचा भाव ४.७६ रुपयांवरून ७.५० वर नेला. १९९१ च्या जुलैत तीन दिवसांच्या आत दोनदा अवमूल्यन झाले आणि तो २६ च्या घरात पोहोचला. या इतिहासातील एक पान आमच्याकडे सहसा कोणी उघडीत नाही. त्या काळी आखाताकाठच्या अनेक अरब राज्यांत रुपया हेच चलन होते. १९५९ पासून तर आमची रिझर्व्ह बँक त्यांच्याकरिता निराळ्या नोटा काढीत असे. तेथील व्यापाऱ्याच्या तिजोरीतील हा पैसा त्याच्या दृष्टीने परकाच होता, आणि त्याचे मोल ठरविण्याचा अधिकार दिल्लीकडे होता. १९६६ च्या त्या एका निर्णयाने त्या नोटांचे मोल एक-तृतीयांशाहून अधिक उतरले. कुवेत १९६१ मध्ये आणि बहारीन १९६५ मध्ये आपापल्या दिनाराकडे वळून मोकळे झाले होते. कतार व दुबई यांनी १९६६ मध्येच रुपयाला रामराम ठोकला. ज्यांना आज डॉलर म्हणजे अढळ ध्रुव वाटतो, त्यांनी या व्यापाऱ्यांची स्थिती क्षणभर डोळ्यांपुढे आणावी. १५ ऑगस्ट १९७१ रोजी अमेरिकेने परराष्ट्रांच्या मध्यवर्ती बँकांना डॉलरच्या बदल्यात सोने देण्याचे थांबविले, तेही कोणाला विचारून नव्हे.

आता हिशेब पाहू. २०१४ च्या मध्यास डॉलर ६० रुपयांच्या सुमारास होता. त्या वेळी ६,००० रुपये देऊन ज्याने १०० डॉलर घेतले आणि कपाटात ठेवले, त्याचे २०२५ च्या अखेरीस ९,००० रुपये झाले. दीडपट झाली म्हणून तो खूष होईल. परंतु तेच ६,००० रुपये दरसाल सहा टक्के चक्रवाढ व्याजाने ठेवले असते, तर त्याच साडेअकरा वर्षांत त्यांचे सुमारे ११,७०० झाले असते. प्राप्तिकराने त्यातून काही नेले असते, हे खरे. पण डॉलर मोडावयास गेले म्हणजे खरेदीचा व विक्रीचा भाव यांतील अंतर बँक सोडीत नाही, आणि नफ्यावरील करही चुकत नाही. डॉलरच्या ठेवीला व्याज मिळते, असे कोणी म्हणेल. त्या काळातील बहुतेक वर्षे ते नाममात्र होते. रुपयावर व्याज अधिक मिळते ते उगाच नव्हे. घसरणीची बरीचशी भरपाई त्यातच आगाऊ धरलेली असते. लोकांच्या डोळ्यांत घसरण तेवढी भरते, कारण ती वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर छापली जाते, आमच्याही.

घाबरून घेणाराची गत याहून वाईट. २०१३ च्या ऑगस्टअखेर डॉलर ६९ ला टेकू पाहत होता. वर्ष संपेपर्यंत तो ६२ च्या आसपास परतला. शिवाय त्याच ऑगस्टात रिझर्व्ह बँकेने नागरिकास वर्षाकाठी परदेशी पाठविता येणारी रक्कम दोन लाख डॉलरांवरून ७५ हजारांवर आणली. पुढे २०१५ मध्ये ती अडीच लाखांवर गेली, हे निराळे. ज्या घटकेस सर्वांनाच बाहेर पडावयाचे असते, नेमकी त्याच घटकेस सरकार दार लोटून घेते. अर्जेंटिनात तर लोकांनी आपल्याच देशातील बँकांत डॉलरची खाती उघडून स्वतःस सुरक्षित मानले होते. २००१ च्या डिसेंबरात ती खाती गोठविण्यात आली आणि २००२ च्या आरंभी त्यांतील डॉलर १.४० पेसो या दराने सक्तीने पेसोत बदलण्यात आले. पुढे काही महिन्यांतच बाजारात डॉलरला तीनाहून अधिक पेसो पडत होते!

याचा अर्थ परकी चलन कोणीच जवळ करू नये असा नव्हे. ज्याची मुलगी वर्षा-दोन वर्षांनी अमेरिकेतील विद्यापीठात जावयाची आहे, त्याचे देणे डॉलरातच आहे. त्याने सारी रक्कम रुपयात ठेवून शुल्काच्या आदल्या दिवशी बाजारात उभे राहणे, हाच खरा जुगार होय. त्याने टप्प्याटप्प्याने तरतूद करावी. मात्र बाहेर पाठविलेला, न खर्चिलेला आणि न गुंतविलेला पैसा १८० दिवसांत परत आणावा लागतो, हा २०२२ पासूनचा नियम ध्यानात ठेवावा. आखातात राबणाऱ्या रत्नागिरीच्या माणसाची गोष्ट आणखी वेगळी. त्याचा दिरहाम १९९७ पासून ३.६७२५ या दराने डॉलरला जखडलेला आहे, त्यामुळे रुपया उतरला की त्याच्या घरी पोहोचणारी रक्कम फुगते. भाव आणखी चढेल म्हणून तो पैसे तिकडेच अडवून धरतो. पण घर त्याला बांधावयाचे आहे ते गावी, आणि चिरा, सिमेंट व गवंड्याची मजुरी काही त्याच्यासाठी थांबून राहत नाही.

डॉलर घेणाऱ्यास देशाभिमानशून्य ठरविण्याची एक टूम मधूनमधून निघते. ती आम्हांला मुळीच मान्य नाही. आपल्या कष्टाचा पैसा टिकावा असे वाटणे हा गुन्हा नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२३ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झालेल्या रुपयाविषयीच्या आपल्या ग्रंथात हुंडणावळीच्या स्थैर्याहून रुपयाच्या देशांतर्गत क्रयशक्तीच्या स्थैर्यावर भर दिला होता. आज शंभर वर्षे उलटली तरी सामान्य माणसाचा प्रश्न तोच आहे. तूरडाळ, औषधे आणि घरभाडे यांचे भाव व्याजाच्या पुढे धावू लागले, तर त्याला डॉलरची आठवण होणारच, आणि त्यास उपदेश करून ती जाणार नाही.

बँकांनाही दोन शब्द सुनावणे प्राप्त आहे. लहान ग्राहकास बाजाराच्या भावाने परकी चलन घेता-विकता यावे, म्हणून २०१९ च्या ऑगस्टात ‘एफएक्स-रिटेल’ ही व्यवस्था सुरू झाली. मुलाचे शुल्क भरावयास गेलेल्या किती पालकांना बँकेच्या खिडकीवर तिचे नाव आपणहून सांगितले जाते? शेकडा एक रुपयाचे अंतरदेखील २० लाखांच्या शुल्कावर २०,००० रुपये होते. परकी चलन विकणाऱ्या प्रत्येक शाखेने त्या दिवसाचा बाजारभाव आणि स्वतःचा भाव दारातल्या फळ्यावर शेजारीशेजारी, मराठीत, लिहून ठेवावा, अशी आमची मागणी आहे.