कोण कोणास म्हणाले

फराळाचे डबे तळ गाठू लागलेले असतात, अंगणातली रांगोळी पुसट होत आलेली असते आणि खुंटीवरच्या दप्तरावर सुट्टीची धूळ साचलेली असते, अशा आळसावलेल्या दिवसांच्या आगेमागे बहुधा पाच नोव्हेंबर येतो. नाट्यगृहांतून नटराजाचे पूजन होते, रंगमंचावर नारळ वाढवला जातो, सांगलीत विष्णुदास भावे गौरवपदक एखाद्या ज्येष्ठ रंगकर्मीच्या हाती दिले जाते आणि नांदीच्या सुरात आपण मराठी रंगभूमी दिन साजरा करतो. १८४३ साली याच तारखेला सांगलीकर चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगवले, हे आपण दरवर्षी नव्याने सांगतो. कुळाचाराच्या दिवशी घरातल्या थोरांनी मूळ पुरुषाची कथा पुन्हा सांगावी आणि ती पाठ असलेल्या पोरांनीही ती कान देऊन ऐकावी, तसेच हे आहे.

पण त्या रात्री नेमके घडले काय, याकडे या सोहळ्यात आपले फारसे लक्ष जात नाही. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ राजेसाहेबांनी पाहिले, तसे काही आपल्या भाषेत व्हावे असे त्यांच्या मनाने घेतले आणि ती कामगिरी त्यांनी भाव्यांवर सोपवली. भाव्यांनी पदे रचली. सूत्रधाराने ती गायची आणि राम, सीता, रावण होऊन उभ्या राहिलेल्या माणसांनी त्या पदांतला आशय आपापल्या शब्दांत, त्या क्षणी सुचेल तसा बोलायचा, अशी या खेळांची रीत होती. भाषणे लिहून दिलेली नसत. पुढच्या पिढ्यांनी या नाटकांना ‘तागडथोम’ म्हणून नाके मुरडली, त्यांतल्या राक्षसांच्या आरोळ्यांची टवाळी केली, आणि त्यात तथ्य नव्हते असेही नाही. १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तन्यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ आले, १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ उभे राहिले आणि नटाच्या हाती बांधीव संहिता आली. ते योग्यच झाले. तरीही समोर गायले जाणारे पद ऐकायचे, त्याचा अर्थ मनात मुरवायचा आणि तो आपल्या तोंडाने समोरच्या पात्राला सांगायचा, हा भाव्यांच्या मंडळींचा शिरस्ता नीट न्याहाळला, तर साहित्याच्या तासाला जे व्हावे असे आपल्याला वाटते तेच तिथे होत होते, हे ध्यानात येते.

आपण शाळेत काय केले ते आठवून पाहू. धड्याखाली स्वाध्याय असे आणि स्वाध्यायात ‘कोण कोणास म्हणाले’ हा हमखास गुण मिळवून देणारा प्रश्न असे. दोन नावे लिहिली की गुण पदरात. ते वाक्य कोणत्या आवाजात म्हटले गेले, म्हणणाऱ्याची नजर त्या वेळी कुठे होती, ऐकणाऱ्याने ते ऐकून काय केले, हे विचारण्याची पद्धत नव्हती. खरे तर मराठीच्या पाठ्यपुस्तकात इतके नाट्यमय बीज दुसऱ्या कुठल्याच प्रश्नात नाही. आणि आपण त्याचे दोन नावांचे उत्तर करून टाकले.

कुसुमाग्रजांची ‘कणा’ ही कविता घेऊ. ती आपल्या बहुतेकांच्या ओठांवर आहे. पुराने ज्याचा संसार वाहून गेला असा जुना विद्यार्थी पावसात भिजत सरांकडे येतो, घडलेले सांगतो, आणि सरांचा हात खिशाकडे जाताच हसत उठतो. आठवी-नववीच्या एखाद्या वर्गात ही कविता उभी करायची म्हटले तर विद्यार्थ्याच्या कामाला दहा हात वर होतात. सरांच्या कामाला कोणी पुढे येत नाही, कारण सरांना वाक्यच नाही. त्यांच्या वाट्याला फक्त ऐकणे आणि हाताची एक हालचाल. पण कवितेचे सारे वजन त्या हालचालीवर तोललेले आहे, हे करून पाहिल्यावाचून कळत नाही. हात लगेच खिशाकडे गेला तर सर जणू पाहुण्याला वाटेला लावत आहेत असे दिसते. हात फार रेंगाळला तर सरांच्याच खिशात काही नसावे अशी शंका येते. आणि ऐकता ऐकता, स्वतःच्याही नकळत हात गेला तर? मग समोरच्या पोराने कसे हसायचे? संकोचाने, की थोड्या अभिमानाने, की सरांना अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून? बाकीच्या वर्गाने सूत्रधार होऊन निवेदनाच्या ओळी म्हणाव्यात, दोघांनी हे तीन प्रकारे करून दाखवावे आणि कुठला खरा वाटला यावर पोरांनी भांडावे. भांडताना ती पुन्हा पुन्हा पुस्तकात पाहतात, शब्दाचा पुरावा काढून दाखवतात. रसग्रहण म्हणतात ते हेच, फक्त त्याला समासाची ओळ आखलेली नाही. सांगलीने २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा पूर पाहिला. तिथल्या मुलांना या कवितेतले चिखल-गाळ समजावून सांगण्याची गरजच पडणार नाही.

सगळेच साहित्य असे उभे करता येते असे मात्र नाही, आणि उत्साहाच्या भरात त्याचा विसर पडला की हसे होते. बालकवींच्या ‘औदुंबर’च्या आठ ओळींत जे आहे ते स्थिर राहून पाहण्याचे आहे. तिथे एका मुलाला झाड आणि दुसऱ्याला झरा करून हात हलवायला लावणारा शिक्षक त्या कवितेचा खून करतो. ती कविता हलक्या आवाजात, सावकाश वाचावी आणि गप्प बसावे. भरतमुनींनी अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले. त्यांतला वाचिक तेवढा साधला तरी वर्गाचे काम पुष्कळसे होते, आणि आहार्य, म्हणजे रंगभूषा-वेशभूषा, तर दाराबाहेरच ठेवावे. ते स्नेहसंमेलनाला शोभते. स्नेहसंमेलनात भाड्याचे पोशाख येतात, गोरीगोमटी आणि खणखणीत आवाजाची चार मुले पुढे असतात, उरलेली सतरंजीवर बसून टाळ्या वाजवतात. वर्गातल्या नाटकाला प्रेक्षक नसतो आणि तो नसावाच. प्रेक्षक आला की अर्थ शोधणे थांबते आणि दाखवणे सुरू होते.

ही काही परक्याकडून उसनी आणायची विद्या नव्हे. नाथांनी सोळाव्या शतकात वासुदेव, जोशी, गोंधळी अशांच्या तोंडून भारुडे बोलवली आणि वेदान्ताचा गहन विचार चव्हाट्यावर उभा केला. कीर्तनकार उत्तररंगात एकटाच चार पात्रे होतो, खांद्यावरचे उपरणे कधी पदर होते तर कधी शेला. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेकांनी मुलांच्या शिकण्यात गोष्टींना आणि नाटुकल्यांना मानाचे स्थान दिले. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडकांनी पुढे बोर्डीत आणि कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाची वाट पाडली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही कलांच्या आधाराने विषय शिकवण्याचा उल्लेख आहे. कागदावर सारे ठीक आहे. अडते ते वर्गाच्या उंबरठ्यावर.

देवलांच्या ‘शारदा’चा एखादा प्रवेश शिकवताना तो उंबरठा ओलांडून पाहता येईल. १८९९ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकात कांचनभट आपली कोवळी मुलगी पैशासाठी म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायला निघतो. परीक्षेत ‘कांचनभटाचे स्वभावचित्र रेखाटा’ म्हटले की ‘लोभी, निर्दय’ ही दोन विशेषणे ठरलेली. आता एका मुलाला कांचनभट करून खुर्चीत बसवावे आणि वर्गाने त्याला जाब विचारावा. त्याने मात्र उत्तर कांचनभट म्हणूनच द्यायचे, नाटकातल्या घटनांना धरून द्यायचे. पहिल्या दोन-तीन प्रश्नांना हशा होतो. मग एखादी मुलगी शांतपणे विचारते, ‘शारदेला विचारलंत का?’ आणि खुर्चीतला मुलगा अडखळतो, कारण आता त्याला बचाव करावा लागणार आणि बचाव करताना तो माणूस आतून कसा विचार करत असेल हे शोधावे लागणार. तो जे बोलेल त्याने कांचनभट निर्दोष ठरत नाही. उलट असली माणसे आपल्याच आळीत, आपल्याच नात्यागोत्यात कशी सभ्यपणे वावरतात हे वर्गाला उमगते, आणि बालविवाहाची गोष्ट ‘पूर्वीच्या काळी’च्या कोनाड्यात नीट बसेनाशी होते.

अडचणी आहेत, त्या नाकारण्यात अर्थ नाही. साठ मुलांचा वर्ग, पस्तीस-चाळीस मिनिटांची तासिका, जागचे न हलणारे बाक, निवडणुकीपासून जनगणनेपर्यंत शिक्षकांच्या माथी येणारी कामे, आणि अभ्यासक्रम संपवण्याची टांगती तलवार. पण दर धड्याला नाटक करा असे कोण म्हणते? सत्रात तीन-चार पाठ निवडून तेवढेच उभे करावेत, रांगेरांगेने कामे फिरवावीत, ज्या मुलाचे शब्द अडखळतात त्याला आधी सरांसारखी बिनवाक्याची भूमिका द्यावी. आपण पालकांनीही वहीत उत्तर उतरवलेले नाही म्हणून लगेच शाळेत धाव घेऊ नये. त्या दिवशी काय झाले ते मुलाला घरी करून दाखवायला सांगावे, म्हणजे तास वाया गेला की नाही ते आपले आपल्याला दिसेल.

सुट्टी संपली की दुसरे सत्र सुरू होईल. शेजारच्या वर्गावरचे बाई-सर गोंगाटाची तक्रार करतीलच. मुख्याध्यापकांनी ती ऐकून घ्यावी, आणि पुढच्या खेपेला गोंगाट सुरू झाला की स्वतः त्या वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसावे. कांचनभटाला विचारायला त्यांच्यापाशीही एखादा प्रश्न असेल.