रंग म्हणजे नखरा नव्हे

लिनक्सच्या काळ्या पडद्यावर फायलींची यादी रंगीत दिसावी की नाही, यावरही लोक हिरिरीने वाद घालतात. जुनी खोडं म्हणतात, रंग हा नवशिक्यांचा नखरा, खरा जाणकार साध्या पांढऱ्या अक्षरांवर काम करतो. मला हे पटत नाही. रंग ही माहिती आहे. फुकट मिळणारी माहिती नाकारण्यात कसली मर्दुमकी?

सध्या पोस्टिंग भिलाईला आहे. इथल्या पोलाद कारखान्याची पहिली ब्लास्ट फर्नेस ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. अशा कारखान्यात पाइपांचं जंगल असतं. कुठल्या पाइपमधून काय वाहतं हे लांबूनच कळावं म्हणून आपल्याकडे आयएस २३७९ हे मानक आहे. त्यात पाण्याला समुद्री हिरवा, हवेला आकाशी आणि गॅसला पिवळा रंग ठरलेला आहे. या रंगांना कुणी नखरा म्हणत नाही, कारण तिथे चुकीचा व्हॉल्व्ह उघडला तर जीव जाऊ शकतो. आपल्या नकाशाचंही तसंच. पाणी निळं, जंगल हिरवं, कंटूर तपकिरी. हे रंग आपण रंगरूट असल्यापासून पाठ केलेले असतात.

आता कॉम्प्युटरकडे वळू. लिनक्समध्ये यादी दाखवणारी आज्ञा आहे एलएस. नुसत्या एलएसला सगळी नावं सारखीच दिसतात. फोल्डर कोणता, चालणारा प्रोग्राम कोणता, काही कळत नाही. रंग सुरू केले की फोल्डर निळा, प्रोग्राम हिरवा, दुसरीकडे बोट दाखवणारी लिंक फिकट निळी आणि झिप वगैरे गठ्ठे लाल दिसतात. यापेक्षा महत्त्वाचे आणखी दोन रंग आहेत. कुणीही चालवला तरी मालकाच्या अधिकाराने चालणारा प्रोग्राम लाल पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत येतो. कुणालाही आत लिहिता येईल असा उघडा फोल्डर हिरव्या पट्टीवर येतो. म्हणजे गेटवर कुलूप नाही, हे संत्र्याला आल्या आल्या दिसतं.

रंग सुरू करणं अवघड नाही. आधी एलएसपुढे जागा सोडून दोन डॅश, कलर, बरोबरचं चिन्ह आणि ऑटो असं इंग्रजी अक्षरांत टाइप करून पाहा. रंग दिसले तर हेच एलियास म्हणून होम फोल्डरमधल्या डॉट-बॅशआरसी फाईलमध्ये लिहा आणि नवीन टर्मिनल उघडा. डेबियन आणि उबुंटूमध्ये साध्या वापरकर्त्यासाठी ही ओळ तयारच असते. ऑटोऐवजी ऑलवेज मात्र लिहू नका. ऑटो पडद्यावरच रंग देतो. ऑलवेज लिहिलं, की यादी फाईलमध्ये साठवताना किंवा दुसऱ्या आज्ञेला देतानाही रंगाचे कोड आत घुसतात आणि पुढचं काम बिघडतं.

काळ्यावर गडद निळा वाचता येत नाही, ही तक्रार चाळिशी ओलांडलेल्यांची असते आणि ती रास्त आहे. त्यावर उपाय डीआयआरकलर्स. या आज्ञेला डॅश पी जोडून तिचं उत्तर होममधल्या डॉट-डीआयआरकलर्स फाईलमध्ये साठवा. त्यात डीआयआर या शब्दापुढचा ३४ हा आकडा बदलून ३३ करा. फोल्डर पिवळे होतील.

माझी खरी तक्रार दुसरीच आहे. डेबियनमध्ये साध्या वापरकर्त्याला रंग मिळतात, पण रूटच्या बॅशआरसीमध्ये त्याच ओळी हॅशचं चिन्ह लावून बंद ठेवलेल्या असतात. रूट म्हणजे सगळे अधिकार. तिथे चुकीची फाईल पुसली तर विचारणारं कुणी नाही. जिथे धोका सर्वात जास्त, तिथेच खुणा पुसलेल्या! स्वतःच्या मशीनवर ते हॅश काढा, असंच मी म्हणेन.

आता दुसरी बाजू. रात्री लाल टॉर्चखाली नकाशा उघडणाऱ्याला माहीत आहे की लाल उजेडात तपकिरी कंटूर जवळजवळ गायब होतात. केवळ रंगावर भरवसा ठेवणारा जवान तिथे डोंगराला मैदान समजतो. पडद्याचंही तेच. उद्या दुसऱ्याच्या सर्व्हरवर लॉगिन कराल तर तिथे रंग नसतील. काहींना लाल-हिरव्यातला फरक मुळातच दिसत नाही. म्हणून एलएस डॅश एफ हीसुद्धा सवय हवी, एफ कॅपिटल. मग फोल्डरच्या शेवटी तिरपी रेघ, प्रोग्रामच्या शेवटी तारा आणि लिंकच्या शेवटी ॲटचं चिन्ह येतं. शिकवणाऱ्या उस्तादांनी रंग आणि खूण दोन्ही एकाच दिवशी शिकवावं.

हे सगळं इतक्या तपशिलाने लिहिण्याचं कारण आहे. सीडॅकची बॉस ही देशी प्रणाली डेबियनवर उभी आहे. २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने उबुंटूवर आधारलेली माया प्रणाली आणण्याचं ठरवल्याच्या बातम्या आल्या. म्हणजे लिनक्स आता आपल्या दारात आहे. आपला जवान ऐन उमेदीत पेन्शनवर येतो आणि दुसरी नोकरी शोधतो. काळा पडदा पाहून तो पहिल्याच दिवशी ‘हे आपलं काम नाही’ म्हणून उठला, तर एक चांगला माणूस आणि त्याची एक चांगली नोकरी, दोन्ही गेली. चार रंगांनी तो तासभर जास्त बसणार असेल, तर ते रंग सुरू करून देणं हे आधी शिकलेल्याचं काम आहे.

जय हिंद.